‘नीट उचला’ एवढे सांगून मालकाची सुटका होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कारखाने, गोदामे, बाजार समित्या, रेल्वेचे मालधक्के, रुग्णालये अशा सर्वच ठिकाणी हाताने ओझे उचलताना, ढकलताना किंवा वाहून नेताना कामगारांना दुखापती होतात, आणि त्यांच्याकडे पाहण्याची आपल्याकडे एक ठरून गेलेली पद्धत आहे. कामगाराची कंबर धरली, उसण भरली किंवा थप्पीवरून पोते अंगावर आले, की ‘त्याने नीट उचलले नाही’ एवढ्या शेऱ्यावर विषय मिटवला जातो. ओझे किती किलोचे असावे, ते जमिनीवरून उचलायचे की ओट्यावरून, किती अंतर न्यायचे आणि तासाभरात किती नग हलवायचे, यांतली एकही गोष्ट त्या कामगाराने ठरवलेली नसते. ती ठरवणारा माणूस निराळा असतो आणि अपघाताच्या कागदावर त्याचा उल्लेख कुठेच येत नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे एका कारखान्याच्या मालसाठा विभागात गेली असल्याने या प्रश्नाविषयी काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटले.

या बाबतीत कायदा मुका आहे असे मुळीच नाही. इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये, असे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ मध्ये स्वातंत्र्यानंतर लगेचच लिहिले गेले होते आणि प्रौढ पुरुष, प्रौढ स्त्रिया व किशोरवयीन कामगार यांच्यासाठी कमाल वजने ठरवण्याचा अधिकार त्याच कलमाने राज्य सरकारांना दिला होता. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, याच कायद्यात कलम ७अ घालण्यात आले आणि वस्तूंचा वापर, हाताळणी, साठवण व वाहतूक यांपासून कामगाराच्या आरोग्याला धोका पोहोचणार नाही अशी व्यवस्था करणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे, म्हणजे ज्याच्या हाती कारखान्याचा अंतिम ताबा असतो त्याचे, कर्तव्य ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने जुन्या कारखाने कायद्याची जागा घेतली आहे. तिच्या कलम ६ मध्येही, इजा किंवा व्यावसायिक आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याची जबाबदारी मालकावरच टाकलेली आहे, आणि सुरक्षिततेसाठी जे काही केले किंवा पुरवले जाईल त्याचा खर्च कामगाराकडून वसूल करता येणार नाही हेही तेथे स्पष्ट केले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कमाल वजनाविषयीचा करार क्रमांक १२७ हा १९६७ साली संमत केला आणि भारताने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली. ओझी वाहण्यासाठी शक्य तितकी यांत्रिक साधने वापरली जावीत, असे त्या करारात म्हटलेले आहे. म्हणजे नव्या कायद्याची मागणी करत बसण्याचे फारसे कारण नाही. जो आहे त्याचा अर्थ नीट लावला तरी पुष्कळ काम होईल.

अडचण नेमकी या अर्थ लावण्यातच आहे. वरील कराराबरोबर त्या संघटनेने एक शिफारसही केली होती आणि तीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली होती. त्याहून जड ओझी शक्य तितक्या लवकर कमी करावीत, असा त्या आकड्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात मात्र असा एखादा आकडा लोकांच्या हाती लागला की त्याचा परवाना होतो. पोते ५० किलोचे आहे, मर्यादा ५५ ची आहे, तेव्हा आमच्याकडे सगळे नियमात आहे, हा युक्तिवाद मी बैठकांमध्ये कितीदा तरी ऐकला आहे आणि तो करणारे लोक अप्रामाणिक होते असेही म्हणवत नाही. वजनकाट्यावर दिसणारे वजन आणि मणक्यावर येणारा भार या दोन गोष्टी एकच आहेत, असा त्यांचा खरोखरीचा समज होता.

त्या निराळ्या कशा, हे शाळेत शिकवलेल्या तरफेच्या नियमाने सांगता येते. माणूस वाकून समोरची वस्तू उचलतो तेव्हा कमरेतील खालच्या मणक्यांमधली चकती हा टेकू होतो. वस्तू एका बाजूला आणि पाठीचे स्नायू दुसऱ्या बाजूला अशी ती तरफ असते. स्नायूंचे टेकूपासूनचे अंतर ढोबळमानाने ५ सेंटिमीटर. वस्तू ५० सेंटिमीटर पुढे असेल तर तिला तोलण्यासाठी स्नायूंना तिच्या वजनाच्या दहापट जोर लावावा लागतो. म्हणजे २० किलोच्या पेटीसाठी सुमारे २०० किलो, आणि पुढे झुकलेल्या धडाचे वजन त्यात मिळवायचे राहिलेच. तीच पेटी पोटाशी धरून २५ सेंटिमीटरवर आणली की हा जोर निम्मा होतो. अमेरिकेतील नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने १९९१ साली सुधारून मांडलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अगदी अनुकूल असताना उचलायचे वजन म्हणून २३ किलो धरले आहे, आणि वस्तू शरीरापासून दूर असेल, जमिनीवर असेल, उचलताना कंबर पिळावी लागत असेल, उचलण्याचा वेग जास्त असेल किंवा वस्तूला धरायला जागा नसेल, तर त्यातून कपात करत जायचे असते. प्रतिकूल गोष्टी एकत्र आल्या की शिल्लक राहणारा आकडा चार-सहा किलोंवर येणेही अशक्य नाही.

ब्रिटनमधील तपासणी यंत्रणेचे मार्गदर्शनही याच धर्तीचे आहे. कमरेच्या उंचीवर आणि अंगालगत धरलेल्या वस्तूसाठी पुरुषांना २५ किलो व स्त्रियांना १६ किलो हे तेथले आकडे आहेत. तीच वस्तू जमिनीजवळून आणि हात लांब करून उचलायची असेल तर ते अनुक्रमे ५ आणि ३ किलोंवर उतरतात. उचलण्याची क्रिया मिनिटाला पाच ते आठ वेळा होत असेल तर आकडा निम्मा करायचा. दोघांनी मिळून उचलले तर क्षमता दुप्पट होत नाही, दोघांच्या बेरजेच्या सुमारे दोन तृतीयांशच धरावी, असेही तेथे सुचवले गेले आहे, आणि त्या हिशेबाने आपले ५० किलोचे पोते दोन पुरुषांनी मिळून हातांवर उचलणेदेखील बसत नाही. हे आकडे तेथेही कायद्याने घातलेली मर्यादा नाहीत. १९९२ च्या तेथील विनियमांमध्ये कमाल वजन असे दिलेलेच नाही. हाताने उचलण्याचे धोक्याचे काम व्यवहार्य असेल तेथवर टाळा, टाळता येत नसेल तर त्याचे मूल्यमापन करा, आणि मग धोका व्यवहार्य असेल तेवढा कमी करा, असा तो क्रम आहे आणि तिन्ही पायऱ्या मालकाने चढायच्या आहेत. मला हा क्रम एकाच आकड्याच्या नियमापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात पहिला प्रश्न ‘कसे उचलावे’ हा नसून ‘उचलावे लागतेच का’ हा आहे.

आपल्याकडचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. सुरक्षा सप्ताहात एखाद्या प्रशिक्षकाला बोलावतात, गुडघे वाकवा व पाठ ताठ ठेवा असे चित्र भिंतीवर लागते, हजेरीपटावर सह्या होतात आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने जबाबदारी पार पडते. प्रशिक्षण वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. वरील आंतरराष्ट्रीय करारातही ते सांगितलेलेच आहे. परंतु केवळ उचलण्याची रीत शिकवून पाठदुखी टळते का, याविषयी झालेल्या संशोधनाचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला, तेव्हा अशा प्रशिक्षणाने पाठदुखी कमी होते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याचीही तीच गत आहे. निरोगी कामगाराला पट्टा बांधल्याने दुखापत टळते असे म्हणायला पुरेसा आधार नाही, असे नायॉशने १९९४ मध्येच सांगितले होते, आणि तरीही खरेदी विभागाला पट्टे घेणे सोपे जाते, कारण ते स्वस्त असतात आणि वाटल्याचा फोटो काढता येतो. (शिवाय पट्टा बांधलेल्या माणसाला आता थोडे जास्त उचलता येईल असे मुकादमालाही वाटू लागते, हा निराळाच ताप.) मुळात जे पोते जमिनीवर पडले आहे, ज्याला धरायला कान नाहीत आणि ज्याच्या मागे-पुढे उभे राहायला हातभर जागा नाही, ते चित्रातल्यासारखे उचलायचे कसे, हे प्रशिक्षकालाही सांगता येत नाही.

मालकवर्गाकडून यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वरवर पाहता खरा वाटतो. ‘आम्ही गाड्या आणून दिल्या आहेत, कामगारच त्या वापरत नाहीत,’ असे सांगितले जाते. ज्या गोदामांत मी हे ऐकले त्यांपैकी एका ठिकाणी मी त्या गाड्या जाऊन पाहिल्या. पॅलेट उचलायच्या गाडीच्या पुढच्या चाकांच्या आसावर पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्या इतक्या गुंडाळल्या गेल्या होत्या की चाक फिरण्याऐवजी फरफटत होते. फरशीचे सांधे उखडलेले असल्याने भरलेली गाडी दर पाच-सहा हातांवर अडत होती. आणि दुसरी, चांगली गाडी साखळीने खांबाला बांधून तिच्या कुलपाची किल्ली स्टोअरकीपरकडे होती, जो सकाळची पहिली मालगाडी खाली होऊन गेल्यावर कामावर येत असे. टोळीला मजुरी नगावर मिळत होती. अशा स्थितीत गाडीची वाट पाहणारा किंवा ती ओढत बसणारा माणूस दिवसाची कमाई गमावतो, म्हणून तो पोते सरळ पाठीवर घेतो. त्याने निवड केली असे म्हणायचे असेल तर म्हणावे, पण मजुरीचा दर, फरशीची डागडुजी आणि किल्लीची जागा ही निवड त्याच्या आधी कोणीतरी केलेली होती. साधन विकत घेतले म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. ते चालू स्थितीत, हाताशी आणि वापरणाऱ्याला तोटा होणार नाही अशा व्यवस्थेत असले पाहिजे.

पाठीवर ओझे घेणाऱ्या हमालाची गोष्ट हातात पेटी धरणाऱ्या कामगाराहून थोडी वेगळी आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. पाठीवर किंवा डोक्यावर घेतलेले ओझे कण्याच्या रेषेच्या जवळ राहते, त्यामुळे तरफेचा ताण घटतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले ते कसब आहे आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या कसबात मोडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, पोते जमिनीवरून उठवून पाठीवर देण्याची घडी, जिचा भार देणाऱ्या दोघांच्या कमरेवर येतो. दुसरी, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना लवणारी फळी. आणि तिसरी, थप्पी डोक्याच्या वर गेल्यानंतर पोते मानेच्या झटक्याने वर टाकण्याची. यांतली पहिली आणि तिसरी जागा केवळ उंची बदलून काढून टाकता येते. पोती ट्रकच्या फाळक्याच्या पातळीच्या ओट्यावर ठेवली आणि थप्पीची उंची खांद्यापाशी थांबवली तर त्याच वजनाचा त्रास पुष्कळ कमी होतो. त्यासाठी जागा जास्त लागते, हे खरे आहे, आणि खरा विरोध बहुधा तेथेच असतो.

वजनाचेही तसेच. एके काळी बाजारात क्विंटलभराचे पोते पाठीवर दिले जात असे. आज धान्याचे पोते ५० किलोचे असते आणि त्यामुळे व्यापार बुडाल्याचे ऐकिवात नाही. माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघटित होऊन १९६९ चा माथाडी कायदा मिळवता आला, नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी अशा गोष्टी त्यातून आल्या आणि असंघटित अंगमेहनतीच्या कामाला कायद्याचे छत्र देणारा तो देशातील आरंभीचा प्रयत्न म्हणून महाराष्ट्राला त्याचा अभिमानही आहे. मजुरीचा प्रश्न ज्या राज्याने इतक्या लवकर हाती घेतला, त्या राज्यात पाठीवरच्या वजनाचा प्रश्न ५० किलोंवर येऊन अडून राहावा हे मात्र पटत नाही. सिमेंटची गोणी आपल्याकडे अजून ५० किलोचीच आहे. ब्रिटनमध्ये ती २५ किलोची मिळते. गोणी किती किलोची असावी हे ठरवणारा उत्पादक ती वाहणाऱ्या मजुराचा मालक नसतो, त्यामुळे त्याच्यावर कोणतेही कर्तव्य येत नाही, ही आपल्या व्यवस्थेतील मोठी फट आहे. गंमत म्हणजे एक टन किंवा त्याहून जड नग जहाजाने पाठवायचा झाल्यास त्यावर वजन ठळकपणे लिहिलेच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे १९५१ पासून आहे. क्रेनला जी माहिती मिळते ती माणसाला मिळत नाही. कारखान्यात येणाऱ्या सुट्या भागांच्या पेट्यांवर भागाचा क्रमांक, पुरवठादाराचे नाव आणि तारीख असते, पेटीचे एकूण वजन बहुधा नसते, आणि ते कामगाराला पेटीला हात घातल्यावर कळते.

ओझे म्हणजे केवळ पोती आणि पेट्या नव्हेत. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो वायू असतो आणि टाकीचे स्वतःचे वजन जवळपास तेवढेच असल्याने, उद्वाहन नसलेल्या इमारतीत ती पोहोचवणारा माणूस ३० किलोंच्या आसपासचे ओझे खांद्यावर घेऊन जिने चढत असतो. रुग्णालयातील परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय यांच्या कामाला तर आपण ओझे उचलणे असे म्हणतही नाही, कारण समोर आजारी माणूस असतो. पण खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचा रुग्ण हे धरायला जागा नसलेले, मध्येच हालणारे आणि कधी घसरून पडेल याचा नेम नसलेले ओझेच आहे, आणि त्याला पुढे वाकूनच उचलावे लागते. खाटेची उंची कमी-जास्त करता येणे, रुग्णाला सरकवण्यासाठी गुळगुळीत चादर किंवा फळी असणे, जड रुग्णासाठी उचलयंत्र असणे या सोयी चैनीच्या नाहीत. तरी यंत्रांवर मोठा खर्च करणाऱ्या रुग्णालयांतही चार जणांना हाक मारून ‘एक, दोन, तीन’ म्हणत रुग्ण उचलला जाताना दिसतो.

इतके असूनही हा प्रश्न आकड्यांत का उमटत नाही, याचे कारण नोंदीच्या पद्धतीत आहे. जुन्या कारखाने कायद्याप्रमाणे, ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली तर तिची सूचना द्यावी लागे. बोट चिरडले तर ते दिसते. कंबर हळूहळू जाते. रोजंदारीचा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, त्याच्या जागी दुसरा येतो आणि सूचना देण्याजोगे काही घडलेच नाही असे होते. शासनाला कळवण्याच्या व्यावसायिक आजारांच्या परिशिष्टात शिसे व पाऱ्याची विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटाने येणारे बहिरेपण असे २९ आजार आहेत. वर्षानुवर्षे ओझे उचलून झिजलेला मणका त्यांत नाही. त्यामुळे नुकसानभरपाईसाठी गेलेल्या कामगाराला ‘हे वयामुळे झाले आहे’ या उत्तराला तोंड द्यावे लागते, आणि पन्नाशीतल्या माणसाला ते उत्तर खोडून काढणे कठीण असते.

नव्या संहितेची व्याप्ती हा आणखी एक मुद्दा. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते, आणि कारखाना ठरण्यासाठीची कामगारसंख्या वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० व न वापरणाऱ्या ठिकाणी ४० करण्यात आली आहे. पूर्वी ती १० आणि २० होती. ओझी उचलण्याचे काम मोठ्या प्रमाणावर लहान गोदामांत, दुकानांत आणि ठेकेदाराच्या टोळ्यांत चालते, आणि नेमकी तीच माणसे या व्याख्यांच्या बाहेर राहण्याची भीती आहे. ठेकेदाराच्या टोळीच्या बाबतीत, ज्याच्या आवारात माल उतरतो त्याने फरशी, उजेड, ओटा, थप्पीची उंची आणि गाड्या यांची जबाबदारी घेतली पाहिजे, टोळी कोणाचीही असो, कारण या पाच गोष्टी ठेकेदाराच्या हातात कधीच नसतात.

शासनाने व औद्योगिक सुरक्षा यंत्रणेने तीन गोष्टी तातडीने कराव्यात असे सुचवावेसे वाटते. हाताने हलवल्या जाणाऱ्या प्रत्येक नगावर त्याचे एकूण वजन लिहिणे पाठवणाऱ्यावर बंधनकारक करावे. सिमेंट, खते, धान्य आणि पशुखाद्य यांच्या गोण्या टप्प्याटप्प्याने २५ किलोंवर आणण्यासाठी मुदत जाहीर करावी. मात्र तसे करताना नगावरची मजुरी निम्मी होणार नाही आणि एका वेळी दोन गोण्या पाठीवर देण्याची प्रथा पडणार नाही याची तजवीज माथाडी मंडळांनी आधीच केली पाहिजे, नाहीतर सुधारणेचा भुर्दंड पुन्हा हमालालाच बसेल. तिसरी सूचना दिसायला अगदी किरकोळ आहे. अपघाताच्या नोंदीच्या नमुन्यात ‘कारण’ या एका रकान्याऐवजी ओझ्याचे वजन, ते कोणत्या उंचीवरून कोणत्या उंचीवर नेले, शरीरापासूनचे अंतर, त्या पाळीत असे किती नग हलवले, साधन उपलब्ध होते का व चालू स्थितीत होते का, असे वेगवेगळे रकाने असावेत आणि ते आवाराच्या व्यवस्थापकाने स्वतः भरून त्याखाली सही करावी. हा नमुना बदलण्यासाठी विधिमंडळात जाण्याचीही गरज नाही. एखादा मालक उद्यापासून आपल्या गोदामात तो लागू करू शकतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मालसाठा अधिकारी